बाबा, काहीही गेलेलं नाही

तीर्थरूप आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

चिनूच्या हाती हे पत्र देतेय. फोनवर सांगायला गेले की माझा आवाज चढतो आणि बाबा गप्प होतात, म्हणून लिहूनच काढलं. अक्षर मुद्दाम मोठं ठेवलंय, मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन जेमतेम दोन महिने झालेत, डोळ्यांना ताण नको. बाबा, आधी जेवून घ्या आणि मग निवांत वाचा.

सगळ्यात आधी हे सांगते की काहीही गेलेलं नाही. चाळ कमिटीचा हिशोब, गणपतीच्या वर्गणीच्या याद्या, लाइट बिलं, आजीचे स्कॅन केलेले फोटो, सगळं त्या नव्या कॉम्प्युटरमध्येच आहे, जागच्या जागी आहे. मंगळवारी रात्री स्क्रीन कोरी झाली ती तुमच्या चुकीने नाही, माझ्यामुळे झाली. तुम्ही फोन केलात की आयकॉन उजवीकडे नेऊन ठेवला तरी पुन्हा डावीकडे पळतोय, तेव्हा मी डोंबिवली फास्टमध्ये होते, घाटकोपरची गर्दी आत शिरत होती आणि मी घाईघाईत म्हटलं, राइट क्लिक करा, व्ह्यूमध्ये जा, खाली तीन ओळी आहेत ना त्यातली टिक काढा, ठेवते. कुठल्या ओळीची ते सांगितलंच नाही! तुम्ही शेवटच्या ओळीची काढलीत. ती ओळ म्हणजे शो डेस्कटॉप आयकॉन्स, तिची टिक गेली की सगळे आयकॉन एकदम दिसेनासे होतात, पुसले जात नाहीत, नुसता पडदा पडतो. आणि तुम्ही घाबरून परत फोन केलात तर मी म्हटलं, त्यात काय एवढं बाबा, उद्या बघू.

आईने सकाळी सांगितलं की तुम्ही जेवला नाहीत, बीपी १६० वर गेलं, आणि नाक्यावरच्या रिपेअरवाल्याला बोलावलंत तर तो म्हणाला फॉरमॅट मारावा लागेल. ते ऐकून माझे हातपाय गार पडले. फॉरमॅट मारला असता तर मात्र खरंच सगळं पुसलं गेलं असतं. आई, तू त्याला चहा पाजून परत पाठवलंस, किती बरं केलंस गं!

तर आता असं करा. सगळ्या खिडक्या बाजूला करायला कीबोर्डवरची विंडोजची खूण असलेली कळ दाबून ठेवायची आणि डी दाबायचा. मग मोकळ्या जागेवर, कशावरही नाही, मोकळ्या जागेवर, माउसचं उजवं बटण. जो मेन्यू उघडेल त्यात अगदी वर व्ह्यू. त्यात शेवटची ओळ शो डेस्कटॉप आयकॉन्स, तिच्यावर एकदा क्लिक करा, टिक येईल आणि सगळं परत दिसेल. मग पुन्हा तिथेच जाऊन ऑटो ॲरेंज आयकॉन्स या ओळीची टिक काढा, ती काढली की आयकॉन पळायचे थांबतील, ठेवाल तिथे राहतील. मधली अलाइन टू ग्रिड राहू दे, तिच्यामुळे रांगा सरळ राहतात. आणि आयकॉन बारीक वाटत असतील तर कंट्रोल दाबून धरा आणि माउसचं चाक पुढे फिरवा, मोठे होतील. चष्म्याचा नवीन नंबर येईपर्यंत चांगले मोठेच ठेवा.

आता ती गोष्ट जी मला फोनवर बोलता येत नाही. तुम्ही दोघं अलिबागला गेला होतात तेव्हा मी तुम्हाला न विचारता मशीन बदललं. माझ्याकडे कारणं आहेत बाबा, आणि ती खोटी नाहीत. तुमचं विंडोज १० होतं, त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि तुमचा जुना प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नव्हता. तुम्ही पेन्शनचं सगळं त्यावरच बघता, बँकेचा पासवर्ड त्यावरच टाकता, मला रात्री झोप लागेना. शिवाय ते चालू होईपर्यंत आईचा चहा होऊन गार व्हायचा. विंडोज १० साठीच नावनोंदणी केली असती तर आणखी वर्षभर सुरक्षेचे अपडेट मिळाले असते, तेही मला माहीत होतं, तरी मी म्हटलं एकदाच करून टाकू, विचारलं तर बाबा नको म्हणतील, पैसे नको खर्च करू म्हणतील. म्हणून नाही विचारलं. पैशाचं मनात आणू नका, बोनस आला होता, कुणाकडून घेतलेले नाहीत.

पण परवा ट्रेनमध्ये बसल्या बसल्या मला तुमची प्रेस आठवली. मी दुसरीत असेन, रविवारी अर्जंट काम होतं म्हणून तुम्ही मला बरोबर नेलंत, उंच स्टुलावर बसवलंत. डाव्या हातात अक्षरं जुळवायची स्टिक, नजर समोरच्या कागदावर, आणि उजवा हात न बघता छपाईच्या अक्षरांचे खिळे उचलत होता. मी विचारलं, न बघता कसं कळतं, तर म्हणालात हाताला माहीत आहे. मग मी गंमत म्हणून शेजारच्या काकांच्या केसमधला, म्हणजे खिळ्यांच्या खानेदार पेटीतला, एक खिळा उचलून भलत्याच खान्यात टाकला, तर तुम्ही माझा हात धरलात. रागावला नाहीत, एवढंच म्हणालात, मनू, दुसऱ्याच्या केसला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, त्याचा हात चुकतो. घरी येताना ठाकूरद्वारला बर्फाचा गोळा दिलात, माझा फ्रॉक लाल झाला आणि आई दोघांवर ओरडली.

तुमचा डेस्कटॉप म्हणजे तुमची केस होती. उजवीकडे वर कमिटी, त्याखाली बिलं, खालच्या कोपऱ्यात बँक, आणि रिसायकल बिन सगळ्यांपासून लांब एकटी. मी तो सगळा खेळ मोडला आणि वर म्हटलं त्यात काय एवढं. चुकलं माझं बाबा.

आता जे पांढऱ्या कोऱ्या कागदासारखे आयकॉन दिसतायत त्यांचं. आपल्या जिन्याखाली बिऱ्हाडांच्या नावाच्या पाट्या आहेत ना, तसं समजा. ज्या आयकॉनच्या कोपऱ्यात छोटा बाण आहे तो शॉर्टकट, म्हणजे नुसती पाटी, बिऱ्हाड दुसरीकडे आहे. तुमच्या जुन्या मशीनमध्ये डी ड्राइव्ह नावाचा वेगळा कप्पा होता, नव्यात एकच सी आहे, मी पाट्या जशाच्या तशा उचलून आणल्या पण पाटीवर पत्ता राहिला डी चा, म्हणून चित्र येत नाही आणि क्लिक केलं की सापडत नाही असं सांगतो. बिऱ्हाड सुखरूप आहे, डॉक्युमेंट्समध्ये आहे, मी पत्ते दुरुस्त करून देते. बाणवाली पाटी चुकून उडाली तरी सामान जात नाही. पण बाण नसलेल्याला डिलीट करू नका, ते सामानच असतं. तेही झालंच चुकून तर लगेच कंट्रोल आणि झेड, नाहीतर रिसायकल बिन उघडून त्याच्यावर राइट क्लिक आणि रिस्टोअर. बिन रिकामी मात्र करायची नाही, मी सांगेपर्यंत अजिबात नाही.

कधी कधी पत्ता बरोबर असूनही चित्र बिघडतं. कॉम्प्युटर आयकॉनची चित्रं काही फाइल्समध्ये साठवून ठेवतो म्हणजे दर वेळी नव्याने शोधायला नको, त्या फाइल्स खराब झाल्या की आयकॉन कोरे किंवा भलतेच दिसतात. तेव्हा कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबायचं, यादीत विंडोज एक्स्प्लोरर शोधायचं, त्यावर राइट क्लिक, रीस्टार्ट. खालची पट्टी क्षणभर गायब होईल आणि परत येईल, घाबरायचं नाही. एवढ्याने नाही झालं तर सोडून द्या, त्या फाइल्स काढून नव्या बनवायच्या असतात, ते मी करेन. आयकॉनवर हिरवी टिक दिसली तर ती फाइल मशीनमध्ये आहेच आणि तिची एक कॉपी इंटरनेटवरही आहे, चांगलीच गोष्ट. निळा ढग असेल तर फाइल फक्त इंटरनेटवर आहे, उघडायला नेट लागेल.

स्टार्टचं बटण मधे गेल्यावर तुम्ही किती वैतागलात ते आई सांगत होती. बरोबरच आहे, १९९५ च्या विंडोजपासून ते डाव्या कोपऱ्यात, प्रेसमध्ये डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवरची अक्षरजुळणी, आलं तेव्हापासून तुमचा हात तिकडेच जातो. ते परत डावीकडे नेता येतं. खालच्या पट्टीच्या मोकळ्या जागी राइट क्लिक, टास्कबार सेटिंग्ज, तळाशी टास्कबार बिहेवियर्स, तिथे अलाइनमेंटला सेंटर आहे ते लेफ्ट करा. स्टार्टमध्ये वर दिसतात ते फक्त टाचून ठेवलेले प्रोग्राम, बाकी सगळे ऑलमध्ये आहेत. तिथे हवा तो सापडला की राइट क्लिक करून पिन टू स्टार्ट म्हणा, वर येऊन बसेल.

आणि आता ऐकाच माझं. त्या रिपेअरवाल्याला पुन्हा बोलवायचं नाही. कुणीही फोन करून म्हणालं की तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, अमुक ॲप टाका, कोड सांगा, तर फोन ठेवायचा, सभ्यपणा दाखवत बसायचं नाही. तरी काही झालंच, पैसे गेले असं वाटलं, तर १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करायचा, त्याच मिनिटाला, माझी वाट बघायची नाही. रात्री नऊनंतर मशीनसमोर बसायचं नाही. बीपीची गोळी जेवणाआधी की नंतर ते डॉक्टरांनी लिहून दिलंय, आई फ्रिजवर चिकटवून ठेव. ती लाकडी खुर्ची नको, माझ्या खोलीतली उशीवाली घ्या, गुडघ्याला बरी पडते. बाबा, चिडून सांगत नाहीये हो, काळजी वाटते म्हणून.

रविवारी येते. मेगाब्लॉक असला तरी येते, फक्त उशीर होईल, जेवायला थांबू नका. तुम्ही खुर्चीत बसा आणि सांगा कुठला आयकॉन कुठे, मी ठेवत जाते, दुपारभर लागली तरी चालेल. तोवर वरच्या दोन टिकांपलीकडे काही केलं नाहीत तरी काही बिघडत नाही.

आई, आमसुलाचं सार कर ना.

तुमची,
मनू

ता. क. जुनं मशीन भंगारात दिलेलं नाही बाबा. इथे माझ्या पलंगाखाली आहे, चादरीत गुंडाळून. त्यातलं काहीही पुसलेलं नाही. निघण्याआधी मी तुमच्या जुन्या स्क्रीनचा मोबाइलवर फोटो काढला होता, त्यात प्रत्येक आयकॉनची जागा दिसते, तोही घेऊन येते.