तेजोमेघ फिशटँकमध्ये

व्हँकूवर, जुलै

चि. ओंकार आणि चि. सई,
अनेक आशीर्वाद.

गणपतीत सोसायटीत दाखवायच्या फिल्मसाठी तेजोमेघ, म्हणजे अवकाशातला वायू-धुळीचा ढग, कॉम्प्युटरवरच करायचा, असं तुम्ही ठरवलंत. जरा थांबा. आधी माळ्यावरचा दोन फुटी फिशटँक खाली काढा.

'स्टार ट्रेक' ही अंतराळयानाची अमेरिकन मालिका 1966 ते 1969 चालली. तिच्यातल्या 1967 च्या एका भागातला खलनायक खान 1982 च्या दुसऱ्या चित्रपटात परत आला. नटही तोच, रिकार्डो मोंटालबान. 1979 च्या पहिल्या चित्रपटावर चार कोटींच्या वर डॉलर उडाले होते. दुसऱ्याच्या वाट्याला त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी पैसे आले, म्हणून यान गोदीतून निघतानाचे शॉट पहिल्यातलेच उचलले. शेवटची लढाई होते त्या तेजोमेघाचं नाव मुतारा (हसून घ्या एकदाचं). तो पाण्याच्या टाकीत केलेला आहे. खाली खारं पाणी, वर गोडं, आणि मध्ये सोडलेलं पांढरं लॅटेक्स (पातळ रबर) आणि अमोनिया. रंग सगळा दिव्यांचा. त्याच चित्रपटात मेलेला ग्रह हिरवा होण्याचा मिनिटभराचा प्रसंग कॉम्प्युटरवर केला, पुढे ज्यांची पिक्सार ही ॲनिमेशन कंपनी झाली त्या मंडळींनी. पण तो कथेतसुद्धा कॉम्प्युटरवरचं प्रात्यक्षिक म्हणूनच येतो. खऱ्या वाटायला हव्या त्या मेघासाठी त्यांनी पाणीच घेतलं.

अमोनिया घरात आणायचा नाही, दुधावर काम भागतं.

टँक 60 बाय 30 बाय 30 सेंटीमीटरचा असेल तर वर पाच सेंटीमीटर सोडून 45 लिटर पाणी बसतं. म्हणजे काचेसकट पन्नास किलोच्या वर. अभ्यासाच्या टेबलावर ठेवू नका, जमिनीलगत भक्कम पाटावर ठेवा आणि भरल्यावर हलवू नका. खालच्या थराला 22 लिटर पाणी आणि 1100 ग्रॅम खडे मीठ, म्हणजे लिटरला 50 ग्रॅम. पुडीतलं बारीक मीठ नको. ते मोकळं राहावं म्हणून जे मिसळलेलं असतं, त्याने पाणी धुरकट होतं. खडे मीठ बादलीत विरघळवून रात्रभर निवू द्या, सकाळी तळाचा गाळ न हलवता मलमलीतून गाळा. नाशकात गंगापूर धरणाचं पाणी या दिवसांत गढूळ येत असेल, तर आधी तुरटी फिरवा. गोडं पाणीही आदल्या रात्रीच भरून ठेवा. ताज्या नळाच्या पाण्यातली हवा काचेला बुडबुडे होऊन चिकटते, आणि पडद्यावर तेजोमेघाऐवजी सोडा दिसतो.

खरी परीक्षा वरचा थर चढवताना. खाऱ्या पाण्यावर पातळ प्लॅस्टिकचा तुकडा तरंगत ठेवा. बादली स्टुलावर ठेवून मेडिकलमधून आणलेल्या सलाईनच्या नळीने गोडं पाणी त्या तुकड्यावर सोडा. नळीवरचं चाक फिरवून धार करंगळीच्या नखाएवढीही होऊ द्यायची नाही. दोन तास लागले तरी चालतील, घाई केली की थर मिसळले. भरल्यावर तुकडा एका कोपऱ्यातून अगदी सावकाश ओढून काढा. बाजूने पाहिलंत तर मधोमध काच वितळल्यासारखी एक लकाकती रेघ दिसेल. ती दिसली नाही, तर सगळं ओतून पुन्हा सुरुवात.

दूध निम्मं पाणी घालून वापरा. नुसतं दूध खाऱ्या पाण्याच्या जवळपास तेवढंच जड असतं, त्यामुळे ते रेघ फोडून दोरीसारखं तळाला जातं. पातळ केलेलं मात्र रेघेवर थबकतं आणि आडवं पसरत फुगतं. मेघ तो हाच. बिनसुईच्या सिरिंजला नळी जोडून तिचं टोक रेघेच्या बोटभर वर धरा आणि एका वेळी 5 मिलिलिटर सोडा. चार-पाच शॉटनंतर पाणी दुधाळतं, मग टँक रिकामा करण्यावाचून उपाय नाही.

दिवे वरून आणि बाजूंनी, समोरून कधीच नाहीत. आकाशकंदिलाचा जिलेटीन कागद दिव्यापासून वीतभर पुढे धरा, एकीकडे जांभळा, दुसरीकडे केशरी. मागे हातभर अंतरावर काळं मखमल, कार्डशीट चमकते. समोर काळा पुठ्ठा, त्याला फक्त लेन्सपुरतं भोक, नाहीतर मेघात सईचा चेहरा उमटेल. मोबाईल सेकंदाला 240 फ्रेमवर ठेवलात की हातभर मेघ अवाढव्य वाटतो. पण विजेवरचे साधे एलईडी सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात, ते अशा वेगात पट्टे होऊन दिसतात. बॅटरीची टॉर्च पूर्ण उजेडावर लावा. पाण्याशेजारी मेनच्या वायरी नाहीत, हाही फायदाच.

यान वेगळं शूट करा आणि एडिटिंगमध्ये त्याच्या आकाराचा काळा मास्क, म्हणजे भोक, मेघातून कापून घ्या. नुसतं एकावर एक चढवलंत तर यानातून आरपार मेघ दिसतो. वाटाण्याच्या अंकुराची वाढ एकेक फ्रेम घेत दाखवणाऱ्या फाळक्यांच्या गावचे आहात तुम्ही, एवढी चिकाटी धरा.

काम झाल्यावर पाणी नळीने मोरीत सोडा. वहिनीच्या कढीपत्त्याला घालू नका, मिठाने मरेल.

तुमची,
आत्या