इंजिन बदललं, दिवे मंदावले : वाट दाखवणाऱ्यांचे आभार

जुन्या जीपमध्ये दुसरं डिझेल इंजिन बसवल्यावर दिवे बिघडले, तेव्हा अनेक अनोळखी इलेक्ट्रिशियन आणि गॅरेजवाल्यांनी फुकटात मार्ग दाखवला. त्या सगळ्यांचे मनापासून आभार.

सर्वांत मोलाचं शिकवलं ते अर्थबद्दल, म्हणजे करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत नेणाऱ्या जोडणीबद्दल (अर्थिंग). इंजिन रबरी माउंटिंगवर बसतं, म्हणून इंजिन, चासी आणि बॉडी यांना जोडणारी जाड अर्थपट्टी लागतेच, आणि इंजिन बदलताना नेमकी तीच लावायची राहून जाते. मग ब्रेक दाबला की टेल लॅम्प मंद होतो, इंडिकेटर दिला की शेजारचा दिवाही मिणमिणतो. करंट दुसऱ्या बल्बमधून परतीची वाट शोधतो. हेडलाइट चालू ठेवून, मल्टिमीटर डीसी व्होल्टवर लावून, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं दिव्याच्या अर्थला टेकवा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं, तर अर्थच्या जोडणीखालचा रंग घासून तिचा बोल्ट नव्याने आवळा.

हेडलाइटचे ५५/६० वॉटचे दोन बल्ब मिळून जवळपास १० अँपिअर खेचतात. एवढा भार जुन्या स्विचवर टाकू नका: रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) बसवा. त्याच्या ३० नंबरच्या पिनवर बॅटरीजवळ फ्यूज लावलेली वायर, ८७ ला बल्ब, ८५-८६ ला स्विच आणि अर्थ. हाय आणि लो बीमसाठी रिले दोन.

डॅशबोर्डवरच्या चार्जिंगच्या दिव्याची खूण सांगणाऱ्याला तर वेगळा नमस्कार! बऱ्याच जुन्या अल्टरनेटरना (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्रांना) सुरुवातीचा करंट त्याच बल्बमधून मिळतो. तिथे एलईडी बसवला, की चार्जिंग सुरू व्हायला नकार.

फ्यूज उडतो म्हणून मोठा घालू नका, असं रागावून सांगणाऱ्यांचेही आभार.