वात म्हणून सोडून दिलेली दुखणी

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य.

सप्रेम नमस्कार.

माझ्या आईनं 22 हंगाम ऊस तोडला. दोन वर्षांपूर्वी तिच्या तळपायांना मुंग्या यायला लागल्या, मग आग. एक दिवस पायातली चप्पल वाटेत गळून पडली, तरी तिला कळलं नाही. गाव म्हणालं, वात आहे. दवाखान्यातही तेच. दर बाजारच्या दिवशी दुखण्याचं इंजेक्शन आणि गोळ्यांची पुडी. अंधारात तोल जायला लागला तेव्हा शहरात नेलं. रक्तात बी-12 अगदीच कमी निघालं. हे नसांना लागणारं जीवनसत्त्व, अंडी-मटण-दुधातून मिळणारं. आई माळकरी, अंडी-मटण वर्ज्य; म्हशीचं दूध डेअरीला जातं आणि घरात कोरा चहा. उपचार बी-12 च्या इंजेक्शनांचा, तोही स्वस्तातला. पण उशीर झाला होता. नसा पुरत्या सुधारल्या नाहीत. आजही ती भिंत धरून चालते.

साहेब, 'वात' या एका शब्दाखाली आमच्या मराठवाड्यात कितीतरी वेगळे आजार गाडले जातात. सकाळी उठल्यावर तासभर बोटं आखडलेली राहतात, दोन्ही हातांची पेरं सुजतात, तो आमवात असू शकतो. औषध लवकर सुरू झालं तर सांधे वाकडे होण्यापासून वाचतात. झिजलेल्या गुडघ्याची गोष्ट निराळी, तो चालल्यावर दुखतो आणि बसल्यावर निवतो. चिकुनगुन्याचा ताप काही दिवसांत उतरतो, सांधे मात्र महिनोन्महिने धरून राहतात. कमरेतून पोटरीपर्यंत चमक जाते ती बहुधा दबलेल्या नसेची. साखरेच्या आजारानं पाय बधिर होतात, आणि त्यावरची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतली तर बी-12 आणखी घटू शकतं. हे गोळी देणाऱ्यानंच सांगायला हवं ना? नांदेड जिल्ह्यात काही भागांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे; असं पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं की सांधे आणि पाठ ताठरते. फिकट चट्टा बधिर असेल तर कुष्ठरोगाची शंका घ्यावी लागते. त्याचं औषध सरकार फुकट देतं, पण चट्ट्याला हात लावून बघणार कोण?

फडात तर बघायला वेळच नसतो. एक दिवस बसलं की खाडा पडतो, पैसे कापले जातात. म्हणून बाया दुखण्याची गोळी खाऊन डोक्यावर मोळी घेतात आणि फळीवरून ट्रकवर चढतात. अशा गोळ्या सतत खाल्ल्या तर पोटात अल्सर होऊ शकतो, किडन्या खराब होऊ शकतात.

प्राथमिक आरोग्य केंद्रात मुंग्या किंवा बधिरपणा सांगणाऱ्या प्रत्येकाची साखर, थायरॉईड आणि बी-12 तपासायची सोय करा. रक्ताचे नमुने जिल्ह्याला पाठवावे लागले तरी चालेल. चप्पल काढायला लावून तळपायाची संवेदना बघा, त्याला पैसा लागत नाही. सुजलेल्या सांध्यांचा रुग्ण महिन्यातून एकदा तरी तालुक्याला तज्ज्ञ डॉक्टरपुढं बसू द्या.

दसरा झाला की बीड, धाराशिव, जालन्यातून टोळ्या निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. ही तपासणी त्या निघायच्या आधी गावात व्हावी. यंदा माझी मावशी जाणार आहे. तिच्याही पायांना मुंग्या येतात.

आपला,
एका ऊसतोड कामगार बाईचा मुलगा
जि. बीड