बाबांच्या ऑपरेशनच्या दिवशीचं इन्सुलिन

प्रिय आई-बाबा,

काल फोनवर आईचा आवाज ऐकला आणि मग झोपच लागली नाही. डॉक्टर म्हणाले इन्सुलिन शिरेतून देणार आणि आई तू धरूनच बसलीस की बाबांचं काहीतरी सिरियस आहे. तसं नाहीये गं. मी आयसीयूत असं इन्सुलिन थोडं थोडं शिरेत सोडणारे पंप रोज लावते, म्हणून नीट लिहूनच पाठवतेय.

बाबा, तुम्ही पोटावर पेन टोचता ते इन्सुलिन चरबीतून हळूहळू रक्तात उतरतं, एकदा टोचलं की परत घेता येत नाही. ऑपरेशनला तुम्ही तासन्तास उपाशी, त्यात शरीरावर ताण, शुगर कधी वर जाईल कधी खाली सांगता येत नाही. शिरेतलं इन्सुलिन रक्तात काही मिनिटंच टिकतं, म्हणजे पंप कमी केला की थोड्या वेळात असर उतरतो, हाच त्याचा मोठा फायदा. साधारण 50 युनिट रेग्युलर (म्हणजे कमी वेळ चालणारं) इन्सुलिन 50 मिली सलाईनमध्ये घालतात, म्हणजे 1 मिलीला 1 युनिट, हिशोब सरळ. डॉक्टर एकच डोस लिहून जात नाहीत, शुगर इतकी तर ताशी इतके युनिट असा तक्ता लिहितात आणि त्यासाठीच दर तासाला बोट टोचतात, तेव्हा चिडू नका प्लीज. आम्ही 'युनिट' शब्द पूर्ण लिहितो कारण घाईत लिहिलेला नुसता यू शून्यासारखा दिसतो आणि 4 चे 40 होतात, शिवाय दोन नर्स मिळून चेक करतात.

आई, सोबत ग्लुकोजची बाटली दिसली तर घाबरू नकोस, उपाशी माणसाला नुसतं इन्सुलिन दिलं तर शुगर धाडकन खाली येईल. आणि इन्सुलिन रक्तातलं पोटॅशियम पेशींमध्ये ढकलतं, ते फार कमी झालं तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात, म्हणून रक्त तपासत राहतात आणि लागलं तर सलाईनमधून पोटॅशियमही देतात. सुरुवातीला नर्स नळीतून थोडं इन्सुलिन सोडून देईल, ते वाया नाही, इन्सुलिन प्लास्टिकला चिकटतं म्हणून आधी नळी भिजवून घेतात.

बाबा, घाम फुटला, हात थरथरले, डोकं गरगरलं तर लगेच सांगा, उगाच कशाला त्रास द्यायचा असं तुमचं नेहमीचं नको. आणि जेवण सुरू झालं की नळी काढा म्हणून मागे लागू नका. लांब चालणारं इन्सुलिन आधी त्वचेखाली देतात, ते काम करायला लागलं की मगच पंप बंद करतात, नाहीतर शुगर परत चढते. आई, पंप वाजला तर बटण दाबू नकोस, नर्सला हाक मार.

सध्याच्या पेनचं नाव, सकाळ-रात्रीचे युनिट आणि सगळ्या गोळ्या एका कागदावर लिहून ठेव. मी आदल्या रात्री पोचतेय, आल्यावर तो कागद एकदा सोबत बसून बघू.

तुमची,
ताई