मॉरिशसच्या ताईंना, संगमेश्वरहून

ताई, परवा व्हॉट्सॲपवर तुम्हाला नुसतं थँक्यू टाकलं आणि तेव्हापासून चैन नाही, म्हणून हे लिहितोय.

आमचे खापरपणजोबा धोंडू, बायको आणि तान्हं पोर इथे ठेवून गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, मॉरिशसला ऊस तोडायला मुंबईहून बोटीत बसले ते गेलेच, घरात एवढंच माहीत. शोधायला लागलो तर आधी एक वंशावळवाले भेटले, आठ हजार घेतले आणि साताऱ्याचा कुठला तरी धोंडू आमच्या गळ्यात मारला. मग एका हापिसात साहेब म्हणे, एवढं जुनं काढून करायचंय काय, तिकडे जमीन-बिमीन आहे का? असो.

आणि तुम्ही, ना ओळख ना पाळख, सुट्टी टाकून तिकडच्या मोका गावी महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये गिरमिटवाल्यांची ती जुनी रजिस्टरं चाळत बसलात. साडेचार लाखांच्या आसपास माणसं उतरली त्या बेटावर, त्यात धोंडू किती असतील! उतरल्याच्या नोंदीत धोंडू, बाप रामजी, जिल्हा रत्नागिरी. मृत्यूच्या दाखल्यात बापाचं नाव आडनाव होऊन बसलेलं, वय आठ वर्षांनी जास्त आणि गाव म्हणून नुसतं 'बॉम्बे'. मी म्हटलं ही दोन वेगळी माणसं. तुम्ही म्हणालात, अहो इकडे मराठी माणसाला बॉम्बेच म्हणायचे, नावावर जाऊ नका, नंबर बघा. उतरल्यावर मिळालेला नंबर दोन्हीकडे तोच निघाला.

पण ते सगळं एकीकडे. त्या झेरॉक्सवर कारकुनाच्या वेड्यावाकड्या स्पेलिंगखाली तुम्ही पेन्सिलीने आपल्या अक्षरांत लिहिलंत, धोंडू रामजी. कोणी सांगितलं नव्हतं. बाबा 81 वर्षांचे, इंग्रजी येत नाही, त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेऊन स्वतः वाचलं, मला वाचून दाखवावं लागलं नाही. नंतर बराच वेळ ते पडवीतच बसले होते, चहा तसाच गार.

तिकडच्या दुसऱ्या लग्नाचंही तुम्ही आधी मला एकट्याला सांगितलंत. परक्याच्या म्हाताऱ्या बापाचा एवढा विचार हल्ली घरातली माणसं करत नाहीत हो.

तिकडे गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते म्हणालात, आमच्या चाकरमान्यांना रजेसाठी साहेबाचे पाय धरावे लागतात! तर या वर्षी गणपतीत इकडेच या. बाबांनी विचारून ठेवलंय, ताईंना उकडीचे चालतात की तळलेले.