लॅक्सटनच्या शिवारातून

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

गेल्या शनिवारी मी नॉटिंगहॅमहून लॅक्सटन हे गाव पाहून आले. पत्र मुख्यतः बाबांसाठी आहे. आईने शेवटचा परिच्छेद तेवढा वाचला तरी चालेल.

इंग्लंडात अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत पार्लमेंटने कायदे करून गावोगावची सामाईक शिवारे मोडली आणि जमिनी एकेकाच्या कुंपणात गेल्या. लॅक्सटनच्या कडेची बरीच जमीनही अशीच गेली, पण वेस्ट फील्ड, साउथ फील्ड आणि मिल फील्ड ही तीन मोठी शिवारे उघडी राहिली. दोन जमीनदारांचे एकमत होईना म्हणून ती वाचली, असे सांगतात. भांडणाने शेती वाचल्याचे मी प्रथमच ऐकले. प्रत्येक शेतकऱ्याचे पट्टे तिन्ही शिवारांत विखुरलेले असतात. एकात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतातले पीक, तिसऱ्याला विसावा, असा फेरा दर तीन वर्षांनी पुरा होतो. बाबा, पट्ट्यांमध्ये बांध नाही, नुसती नांगराची सरी!

मग शेजाऱ्याची हद्द कोरणाऱ्याला आवरते कोण? नोव्हेंबरच्या अखेरीस गावातलेच पंच गव्हाच्या शिवारात फिरतात, हद्दीला खुंट्या ठोकतात, चर साफ आहेत का ते पाहतात, आणि आठवड्याभराने गावच्या पबमध्ये 'कोर्ट लीट' ही जुनी न्यायसभा भरवून, जमीनदाराच्या कारभाऱ्यासमोर, रस्त्यात किंवा दुसऱ्याच्या हद्दीत नांगर घालणाऱ्याला दंड करतात. 1977 च्या कायद्याने अशा जुन्या न्यायसभांचे अधिकार काढून घेतले, लॅक्सटनचे मात्र मुद्दाम राखले. आपल्या बांधाच्या मोजणीसाठी बाबांनी तालुक्याला घातलेल्या खेपा मला तिथे आठवल्या.

माती तांबूस, चिकण आणि जड आहे. पाऊस झाला की बूट उचलवत नाही. जिथे पाणी साचते किंवा उतार फार असतो, तिथे नांगर न घालता गवत राखतात. त्याला 'साइक' म्हणतात, आणि त्या गवताचा गावातच लिलाव होतो.

आई, घरे रस्त्याला काटकोनात उभी, मागे परसू, आणि चर्चच्या उत्तरेला नॉर्मन गढीचे उंच टेकाड. 1635 साली मार्क पिअर्सने या गावाचा नकाशा काढला, त्यात प्रत्येक पट्टा तर आहेच, शिवाय नांगरणारी आणि कापणी करणारी बोटाएवढीही नसलेली माणसे रंगवली आहेत. मूळ नकाशा ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. कापणीवाल्यांमध्ये बायका किती, हे तू विचारणारच, म्हणून तो नीट पाहून पुढच्या पत्रात कळवीन.

आपली,
धाकटी