डिस्क गोल्फ शिकताय? ड्रायव्हर राहू द्या, मिडरेंज घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की मुलांना मोबाइलपासून उठवून मैदानावर कसं न्यायचं याची घरोघरी चर्चा सुरू होते. त्यात अधूनमधून डिस्क गोल्फचीही चौकशी होते. खेळ समजायला सोपा आहे. ठरलेल्या जागेवरून डिस्क फेकायची, ती पडेल तिथून पुढची फेक, आणि कमीत कमी फेकींत ती साखळ्या लावलेल्या टोपलीत घालायची. अडचण खरेदीपासूनच सुरू होते. ‘सगळ्यात लांब कुठली जाते?’ असं विचारून लोक ड्रायव्हर, म्हणजे लांब पल्ल्याची डिस्क, मागवतात, चार दिवस फेकतात, ती दर वेळी डावीकडे वळून आपटते आणि मग डिस्क माळ्यावर जाते. दोष हाताचा नसतो, डिस्कच्या निवडीचा असतो. नवशिक्याने एकच डिस्क घ्यावी आणि ती मिडरेंज, म्हणजे मधल्या पल्ल्याची, असावी, एवढं सांगण्यासाठी हे पत्र.

डिस्कवर चार आकडे छापलेले असतात: वेग, तरंग, वळण आणि उतरताना घेतलेला कल. खेळणारे त्यांना स्पीड, ग्लाइड, टर्न, फेड म्हणतात. टर्न उणे असेल तर डिस्क आधी उजवीकडे वळते, फेड जितका जास्त तितकी ती शेवटी डावीकडे झुकते. हे आकडे कंपन्या आपापले ठरवतात. १९७६ साली एड हेड्रिक यांनी स्थापन केलेली पीडीजीए (प्रोफेशनल डिस्क गोल्फ असोसिएशन) ही संघटना डिस्कचा व्यास, वजन, कडेची खोली वगैरे मापं तपासून मान्यता देते, उड्डाणाचे आकडे देत नाही. त्यामुळे एका कंपनीचा ५ आणि दुसरीचा ५ तंतोतंत सारखे असतीलच असं नाही.

सगळ्यात जास्त गैरसमज पहिल्या आकड्याबद्दल आहे. स्पीड १२ म्हणजे ती डिस्क तुम्हाला लांब फेकून देईल असं नव्हे. तिच्याकडून काम करून घ्यायचं तर तेवढ्या वेगाने हात चालला पाहिजे, असा त्याचा अर्थ. तो वेग नसेल तर टर्न होतच नाही, फक्त फेड उरतो. उजव्या हाताने बॅकहँड, म्हणजे हात छातीसमोरून आडवा ओढून, फेकणाऱ्याची डिस्क मग सुटल्या सुटल्या डावीकडे झुकते आणि जमिनीवर येते. डेस्ट्रॉयर ही प्रसिद्ध ड्रायव्हर १२, ५, -१, ३ अशी आहे. नवशिक्याच्या हातून ती मिडरेंजइतकीच किंवा त्याहून कमी जाते, वर नको तिकडे जाते. (डावखुऱ्यांनी या पत्रातलं डावं-उजवं उलटं वाचावं.)

मिडरेंजचा स्पीड साधारण ४ ते ५. कड बोथट आणि अरुंद, सव्वा सेंटिमीटरच्या आसपास, म्हणून लहान हातातही पकड बसते. घेण्याजोग्या तीन डिस्कची नावं सांगतो, कारण तिघींचे स्वभाव वेगळे आहेत. बझ ५, ४, -१, १ : जवळपास सरळ, शेवटी किंचित डावीकडे. माको३ ५, ५, ०, ० : सोडली त्याच कोनात जात राहते, त्यामुळे हाताची चूक लपवत नाही. रॉक३ ५, ४, ०, ३ : शेवटी हमखास डावीकडे, वाऱ्यात भरवशाची, पण नवशिक्याला तिच्याकडून सरळपणा मिळायचा नाही. आमचं मत विचाराल तर पहिली डिस्क बझसारखी किंवा माको३सारखी असावी. तिसऱ्या आकड्यात -३, -४ असलेल्या फार वळणाऱ्या मिडरेंज ‘नवशिक्यांसाठी सोप्या’ म्हणून सुचवल्या जातात. हलक्या हाताच्या लहान मुलांना त्या चालतील. मोठ्या माणसाचा हात महिनाभरात सुधारला की त्याच डिस्क उजवीकडे पालथ्या व्हायला लागतात.

आता वजन. नियमानुसार व्यासाच्या दर सेंटिमीटरला जास्तीत जास्त ८.३ ग्रॅम चालतात. म्हणून २१.७ सेंटिमीटरच्या मिडरेंजची मर्यादा १८० ग्रॅमच्या आसपास येते. मोठ्यांनी १७० ते १७६ ग्रॅमची घ्यावी. दहा-बारा वर्षांच्या मुलाला १६० ते १६५ पुरे. ‘हलकी तेवढी सोपी’ हे बंद हॉलमध्ये ठीक आहे, मुंबईत संध्याकाळी समुद्रावरून वारा सुटला की हलकी डिस्क भरकटते. वजन बहुधा डिस्कच्या पोटाच्या बाजूला पेनाने लिहिलेलं असतं. घरच्या वजनकाट्यावर एकदा खात्री करून घ्यावी, दोन-चार ग्रॅमचा फरक निघाला तर घाबरण्याचं कारण नाही. खेळण्यांच्या दुकानातली फ्रिस्बी याच्या जवळपासही येत नाही. अल्टिमेट या फ्रिस्बीच्या सांघिक खेळाची १७५ ग्रॅमची डिस्कसुद्धा वेगळी: ती सव्वासत्तावीस सेंटिमीटर रुंद असते, झेलण्यासाठी केलेली असते. गोल्फची डिस्क झेलायची नसते. वजन तेवढंच, पण छोट्या आणि कडक कडेत सामावलेलं. बोटावर बसली तर बोट सुजतं, तोंडावर बसली तर त्याहून वाईट.

प्लास्टिक दोन प्रकारचं. साधं, स्वस्त प्लास्टिक हाताला छान चिकटतं, पण लवकर झिजतं. महाग प्लास्टिक टिकाऊ असतं, मात्र घामेजल्या हातातून सटकतं, आणि आपल्या हवेत घाम कधी नसतो? तरीही पहिली डिस्क टिकाऊ प्लास्टिकची घ्या, असंच आम्ही सांगतो. जुना चेंडू जसा नव्यासारखा वागत नाही, तशीच झिजलेली डिस्क नव्यासारखी उडत नाही. कड घासली, खरवडली गेली की डिस्क हळूहळू जास्त उजवीकडे वळू लागते. शिकणाऱ्याला मग कळत नाही की हात बदलला की डिस्क. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर चार वेळा आपटली की साध्या प्लास्टिकच्या कडेला पापुद्रे निघतात. ते बारीक पॉलिश पेपरने हलकेच घासून काढायला हरकत नाही, फक्त कडेचा मूळ आकार बदलता कामा नये. घामासाठी पिशवीत एक सुती पंचा ठेवावा. उन्हात उभ्या गाडीत डिस्क विसरू नये. साधं प्लास्टिक पिळवटतं. तसं झालंच तर गरम (उकळत्या नव्हे) पाण्यात दोन-तीन मिनिटं बुडवून सपाट फरशीवर गार होऊ द्यावी.

रंग निवडताना आपल्या मैदानांचा विचार करावा. लाल मातीत नारिंगी आणि तपकिरी दिसत नाही, पावसाळी गवतात हिरवी गेली ती गेली. गडद गुलाबी सगळीकडे दिसते. चौपाटीवर खेळायचं असेल तर लक्षात ठेवा, या वजनाची बहुतेक गोल्फ डिस्क पाण्यात बुडते. भरतीच्या वेळी समुद्राकडे तोंड करून फेकू नये.

पकडीकडे येऊ. पहिले काही आठवडे तर्जनी कडेला टेकलेली, बाकीची बोटं पोटाखाली पंख्यासारखी पसरलेली आणि अंगठा वर, कडेजवळ, अशी पकड ठेवावी. अंगठा मधोमध गेला की डिस्कची पुढची कड उचलली जाते. शिकणाऱ्यांची निम्मी रडगाणी या एका गोष्टीतून निघतात: पुढची कड वर असली की डिस्क चढते, हवेत थबकते आणि डावीकडे घसरून पडते. बघणाऱ्याला वाटतं जोर कमी पडला, म्हणून तो आणखी जोर लावतो आणि डिस्क आणखी चढते. उपाय जोरात नाही, मनगटात आहे. अंगठा किंचित पुढे आणि खाली दाबावा, मनगट खाली वळलेलं ठेवावं, आणि डिस्क छातीच्या उंचीवरून आडव्या रेषेत ओढावी. हात कमरेपासून खांद्याकडे तिरका वर गेला तर पुढची कड आपोआप उचलली जाते.

दुसरी खोड म्हणजे थरथर. डिस्क सुटताना लडबडत असेल तर ती आहे त्यापेक्षा जास्त उजवीकडे वळते, मग चौथा आकडा कितीही असो. ओळखायचं असं: पहिल्या दहा पावलांत डिस्कची कड डगमगताना दिसली तर चूक सुटण्यात आहे. तिथपर्यंत स्थिर जाऊन पुढे वळली तर तो डिस्कचा स्वभाव किंवा वाऱ्याचा प्रताप. थरथर बहुधा आखडलेल्या मनगटातून किंवा उशिरा सुटणाऱ्या पकडीतून येते. साठ टक्के जोरात फेकून पाहिलं की निम्मी थरथर तिथेच जाते.

धावत येऊन फेकण्याची घाई करू नये. उभ्यानेच, उजवा खांदा लक्ष्याकडे करून फेकावं. पंचवीस पावलांवर एक स्टंप ठोकावा. टोपली नसली तरी शिकायला एवढं पुरतं. दहापैकी सहा फेकी स्टंपपासून दोन हातांच्या आत पडू लागल्या की पन्नास पावलं, मग सत्तर. प्रत्येक अंतरावर तीन कोन फेकून पाहावेत: सपाट, शरीरापासून दूरची कड खाली झुकवून, म्हणजे हायझर, आणि तीच कड वर करून, म्हणजे अनहायझर. हायझरने डिस्क डावीकडे वळत जाते, अनहायझरने आधी उजवीकडे. मिडरेंज हे दोन्ही कोन प्रामाणिकपणे दाखवते म्हणूनच ती शिकवते. ड्रायव्हर शेवटी सगळं डावीकडेच ओढून नेते.

आणि मुंबईचा वारा. दुपारनंतर तो समुद्रावरून येतो. शिवाजी पार्कात समुद्राच्या दिशेने फेकलं की वारा अंगावर येतो. डिस्कला हवा जास्त वेगाने भेटते, त्यामुळे ती आकड्यांपेक्षा जास्त उजवीकडे वळते आणि वर चढते. अशा वेळी जोर कमी करावा, फेक छातीच्या खालून ठेवावी, थोडा हायझर द्यावा. पाठीकडून वारा असेल तर उलटं: डिस्क तरंगत नाही, लवकर बसते, म्हणून थोडी उंच सोडावी. ओव्हल मैदान उत्तर-दक्षिण लांब आहे, तिथे लांबीच्या दिशेने फेकताना समुद्राचा वारा आडवा लागतो. दक्षिणेकडे तोंड असेल तर तो उजवीकडून येतो, शेवटी डावीकडे कललेल्या डिस्कच्या पोटात शिरतो आणि तिला हव्या त्याहून बरीच पलीकडे उचलून नेतो. उत्तरेकडे तोंड केलं की तोच वारा डिस्कच्या पाठीवर बसतो आणि तिला खाली दाबतो. सवय करायची तर सकाळी साडेसहा-सातला, वारा पडलेला असताना. वाऱ्यात सराव करणं ही पुढची पायरी.

सकाळी जाण्याचं दुसरं कारण क्रिकेट. आपली मैदानं रिकामी कधी नसतात. एकात एक चार सामने चालू असताना मध्ये डिस्क सोडणं हा बेजबाबदारपणा आहे. दोघं असतील तर एकाने पुढे बाजूला उभं राहून माणसं बघावीत, फेकणाऱ्याने त्याने हात वर केल्याशिवाय सोडू नये. फेरी मारणारे वृद्ध पाठमोरे असतात, त्यांना ‘सांभाळा’ ऐकू येईपर्यंत डिस्क पोचलेली असते. त्या बाबतीतही मिडरेंज बरी: ती ड्रायव्हरपेक्षा हळू जाते आणि कमी भटकते.

दुसरी डिस्क कधी घ्यावी? सत्तर पावलांवर सपाट फेक सरळ जायला लागली की. ती पटर, म्हणजे जवळून टोपलीत टाकायची डिस्क, असावी, स्पीड २-३ ची, कारण कमी फेकींचा हिशेब शेवटच्या दहा मीटरांत लागतो. त्यानंतरही ड्रायव्हरची घाई नाही. त्याऐवजी पहिल्या मिडरेंजचीच आणखी एक प्रत, तोच साचा, तेच वजन, घेऊन कोरी ठेवावी. जुनी झिजून उजवीकडे वळू लागली की दोन्ही पाठोपाठ फेकून पाहावं. जिथे उजवं वळण हवं तिथे जुनी आणि जिथे सरळ हवं तिथे नवी, अशी एकाच साच्याच्या दोन डिस्कवर अर्धी फेरी निघते.

आपले,
डिस्क गोल्फ खेळणारे काही मुंबईकर,
दादर